‘रीसेट’ दाबलं, तरी जुना टेम्पो हटेना

मागच्या भागात आपण पाहिलं, की फॉर्ममध्ये चूक सापडली तर सर्व्हर तो भरलेल्या माहितीसकट परत पाठवतो आणि चुकलेल्या रकान्याखाली लाल ओळ दाखवतो. सगळं पुन्हा टाइप करायला लागत नाही, ही मोठीच सोय. पण तीच सोय डोक्याला ताप कशी होते, हे बघायचं तर चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्याचं मटेरियल गेट डोळ्यांसमोर आणा.

भोसरी, तळवड्याच्या लहान वर्कशॉपमधून सुटे भाग घेऊन टेम्पो येतायत. समजा, एमएच १४ पासिंगचा एक टेम्पो गेटवर लागला. गेटवरच्या माणसाने गाडी नंबर, व्हेंडर, पीओ आणि इन्व्हॉइस नंबर टाकले. इन्व्हॉइस जुळला नाही, फॉर्म लाल ओळीसह परत आला. ड्रायव्हर मालकाला फोन लावायला बाजूला झाला, मागचा टेम्पो हॉर्न वाजवतोय. गेटवाल्याने ‘रीसेट’ दाबलं. काहीच हललं नाही. मग त्याने जुना गाडी नंबर खोडून नवा टाकला आणि उरलेले रकाने पुसायला पुन्हा ‘रीसेट’ दाबलं. नवा नंबर गेला, पहिल्या टेम्पोचा परत हजर!

बटण बिघडलेलं नाही. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही ते होतं आणि त्याचं काम तेव्हापासून एकच आहे: पान सर्व्हरकडून आलं तेव्हा रकान्यात जे होतं, ते परत आणायचं. रिकामं करणं त्याच्या कामात बसतच नाही. पहिल्यांदा पान कोरं येतं, त्यामुळे कोरं होतं. टेस्टिंग करणाराही तेवढंच बघून पुढे जातो. लाल ओळीसह आलेल्या पानाची ‘मूळ’ माहिती मात्र पहिल्या टेम्पोचीच असते. शिवाय हा सगळा खेळ ब्राउझरमध्येच चालतो, सर्व्हरला पत्ताही लागत नाही. वेब वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० सालीच लिहिलं होतं, की बहुतेक फॉर्मवरून हे बटण काढूनच टाकावं. मला ते पटतं. गेटवाल्याला हवी असते ‘नवीन नोंद’.

आणि नवीन नोंद म्हणजे बहुतेक वेळा एक साधी लिंक: त्याच पत्त्यावरून पान नव्याने मागवायचं. सर्व्हरने जुनी नोंद सेशनमध्ये धरून ठेवली नसेल, तर काम तिथेच संपतं. धरली असेल, तर लिंक उघडताना ती आधी सोडून द्यावी लागते.

खरी गंमत जावाच्या जेएसएफमध्ये आहे. तिथे माणसाने पाठवलेली किंमत आणि प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टमधली किंमत वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. तपासणीत फॉर्म नापास झाला, की पाठवलेली किंमत रकान्यालाच चिकटून राहते आणि पान पुन्हा काढताना तिचाच मान पहिला. प्रोग्रॅमरने ऑब्जेक्ट कितीही रिकामा केला, तरी स्क्रीनवर जुनाच नंबर! त्यात ‘क्लिअर’ बटणही त्याच फॉर्ममध्ये असेल, तर ते दाबल्यावर आधी तपासणी चालते आणि इन्व्हॉइस नंबर भरा म्हणून तक्रार येते. म्हणजे फॉर्म पुसायचा असेल, तर आधी तो नीट भरा. २०१३ साली आलेल्या जेएसएफ २.२ मध्ये या चिकटलेल्या किमती झटकायची अधिकृत सोय झाली. तोवर जो तो आपापल्या युक्त्या लढवत होता.

एएसपी डॉट नेटच्या वेब फॉर्ममध्ये संशय नेहमी व्ह्यूस्टेटवर जातो. ते बंद केलं तरी टेक्स्टबॉक्समधला मजकूर टिकतो, कारण तो नुकत्याच पाठवलेल्या माहितीतूनच पुन्हा भरला जातो. कोडमध्ये तो रकाना स्वतः रिकामा करा, नाहीतर रीडायरेक्ट करून नवं पान द्या.

सगळंच पुसायला हवं असंही नाही. तारीख, गेट क्रमांक, शिफ्ट खुशाल राहू द्यावी. गाडी नंबर आणि इन्व्हॉइस मात्र एका नोंदीतून दुसरीत कधीच जाता कामा नये. माल पाठवणाऱ्याच्या ऑफिसात तर हे जास्तच महागात पडतं. ई-वे बिलात गाडी नंबर भाग ‘ब’मध्ये असतो आणि तो नंतर बदलता येतो, पण मालाचा तपशील असलेला भाग ‘अ’ बिल तयार झाल्यावर दुरुस्त करता येत नाही. मागच्या बिलातली रक्कम रकान्यात राहून गेली, तर २४ तासांच्या आत बिल रद्द करून दुसरं काढावं लागतं.

आता दोन चोरवाटा. टिक न केलेल्या चेकबॉक्सची माहिती ब्राउझर पाठवतच नाही. सर्व्हर फक्त आलेल्या गोष्टींवरूनच जुनी नोंद बदलत असेल, तर काढलेली टिक तशीच राहते. दुसरी वाट लपलेल्या रकान्याची. व्हेंडरचं नाव निवडलं, की जावास्क्रिप्ट त्याचा कोड न दिसणाऱ्या रकान्यात टाकते. कोऱ्या पानावर ‘रीसेट’ दाबलं, की नाव जातं. कोड मात्र जात नाही, कारण लपलेल्या रकान्याला हे बटण हातच लावत नाही. गेटवाल्याने मग घाईत नाव हाताने टाइप केलं, यादीतून निवडलंच नाही, तर दुसऱ्याचा माल पहिल्याच्या खात्यावर चढतो आणि ते कळतं थेट बिलं पास करताना.

पुढच्या भागात: ‘सबमिट’ एकदा दाबूनही नोंद दोनदा का होते?