नवी रुग्णवाहिका आणि तिचे हमीपत्र

एखादी लहान नगरपालिका नागरिकांच्या करांतून किंवा वर्गणीतून नवी रुग्णवाहिका विकत घेते, तेव्हा गाडीबरोबर एक जाडजूड हमीपत्रही तिच्या हाती येते. ठरावीक वर्षांच्या अथवा ठरावीक मैलांच्या आत गाडी बिघडली, तर ती विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे वचन त्यात असते. हे वचन खोटे नसते. परंतु ते अपुरे असते. मालवाहू गाडी चार दिवस कारखान्यात पडून राहिली, तर मालकाचे चार दिवसांचे भाडे बुडते. रुग्णवाहिका चार दिवस पडून राहिली, तर त्या चार दिवसांत तिची गरज कोणाला लागेल, हे आधी कोणासही सांगता येत नाही. हमीपत्र सुट्या भागांची व कारागिराच्या मजुरीची भरपाई करते. गेलेल्या वेळेची भरपाई ते करीत नाही. नवी असूनही बेभरवशाची निघालेली गाडी ज्यांच्या पदरी पडते, त्यांच्यापुढील खरा प्रश्न हाच होय. अमेरिकेतील नगरपालिकांना व अग्निशामक दलांना या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा चांगलाच अनुभव आला. म्हणून त्या उदाहरणाचा थोडा बारकाईने विचार करणे उपयुक्त ठरेल.

त्या देशात फोर्ड कंपनीच्या सांगाड्यावर बांधलेल्या रुग्णवाहिका फार मोठ्या संख्येने वापरल्या जात. त्यांतील डिझेल इंजिन मात्र फोर्डचे स्वतःचे नसे. ते नॅव्हिस्टार या दुसऱ्या कंपनीकडून येई. तिचे ७.३ लिटरचे जुने इंजिन टिकाऊपणाबद्दल नावाजलेले होते. धुराविषयीचे नियम कडक होऊ लागल्यावर त्याच्या जागी २००३ सालच्या गाड्यांपासून ६ लिटरचे नवे इंजिन आले. हे इंजिन जोमदार होते, आणि कागदावर पाहता आधीच्यापेक्षा सरस होते. तथापि थोड्याच अवधीत त्याच्याविषयी तक्रारींचा ओघ सुरू झाला.

या तक्रारींचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. धुरातील घातक वायू कमी व्हावेत म्हणून या इंजिनात जळालेल्या धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो. धूर थंड करण्याचे काम शीतकद्रव, म्हणजे ज्याला सर्वत्र कूलंट म्हणतात, तो करतो. हा कूलंट आधी इंजिनातील तेल थंड करणाऱ्या एका अरुंद वाटांच्या भागातून जातो आणि मग धुराच्या थंडकापाशी पोहोचतो. कूलंटमधील गाळ त्या अरुंद वाटांत साचला, म्हणजे पुढे पुरेसा कूलंट जात नाही; धुराचा थंडक तापून फुटतो; कूलंट इंजिनात शिरतो. मग आतील दाब वाढून सिलिंडरचे डोके उचलले जाऊ लागते आणि तेथील गॅस्केट निकामी होते. बाहेरून पाहणाऱ्यास गॅस्केट गेलेले दिसते; परंतु रोगाचे मूळ तेल थंड करणाऱ्या भागात असते. फिटरने केवळ गॅस्केट बदलून गाडी परत दिली, तर काही महिन्यांनी तीच गाडी त्याच तक्रारीने पुन्हा दारात उभी राहते.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. या इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या यंत्रणेला ४८ व्होल्टची वीज लागते, आणि ती बॅटरीच्या १२ व्होल्टपासून तयार करणारी एक विद्युत्पेटी बसविलेली असते. बॅटरी अशक्त झाली, म्हणजे या पेटीवर ताण पडून ती हळूहळू बिघडते. रुग्णवाहिकेत तर दिवे, सायरन, बिनतारी संदेशयंत्र, रुग्णकक्षातील उपकरणे आणि वातानुकूलन असा विजेचा सततचा खर्च असतो. साहजिकच, खाजगी मालकाच्या गाडीत जो दोष कधीतरी दिसे, तो येथे लवकर दिसू लागे.

दोष ध्यानात आल्यावर फोर्ड कंपनीने सुरुवातीच्या काळातील काही शेकडो गाड्या ग्राहकांकडून परत विकत घेतल्या. या इंजिनाला ५ वर्षे अथवा १ लाख मैल यांपैकी जे आधी संपेल तोवर हमी होती. त्यामुळे दुरुस्तीचा प्रचंड खर्च कंपनीच्या अंगावर आला. तो कोणी सोसावा, यावरून फोर्ड व नॅव्हिस्टार यांच्यात वाद पेटला. जानेवारी २००७ मध्ये फोर्डने न्यायालयात धाव घेतली आणि २००९ साली दोन्ही कंपन्यांत तडजोड झाली. या वादातून सामान्य खरेदीदाराने एक गोष्ट शिकावी. हमी देणारा एक आणि वस्तू बनविणारा दुसरा असला, की दोष कोणाचा हा प्रश्न हमीपत्रात मिटलेला नसतो; तेथून तो सुरू होतो.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत तर पक्ष दोनच नसतात. सांगाडा व इंजिन एका कंपनीचे, त्यावरील रुग्णकक्ष दुसऱ्या कारखान्याचा आणि आतील विद्युत्साधने तिसऱ्याची. तिघांची हमीपत्रे वेगळी, त्यांच्या मुदती वेगळ्या आणि अटीही वेगळ्या. गाडी रस्त्यात बंद पडली, तर इंजिनवाला रुग्णकक्षाच्या विद्युज्जोडणीकडे बोट दाखवितो आणि रुग्णकक्षवाला इंजिनाकडे. तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच कोणत्या भागाची जबाबदारी कोणाची, हे एका कागदावर लिहून घेणे हे शहाणपणाचे पहिले पाऊल होय.

कधी कधी तर दोष कोणाचाच नसतो, आणि तरीही गाडी अडते. २००७ पासून अमेरिकेतील डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी आली. ही काजळी सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सियस उष्णतेला जळून जाते. लांब पल्ल्याच्या मालमोटारीत ही उष्णता आपोआप मिळते. रुग्णवाहिका मात्र जवळच्या फेऱ्या करते आणि उरलेला वेळ घटनास्थळी किंवा रुग्णालयाच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी असते. गाळणी तापत नाही, काजळी साचते आणि शेवटी इंजिनाचे रक्षण करणारी यंत्रणा त्याची शक्ती आपोआप कमी करते. यंत्राच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु आत रुग्ण असताना गाडीने हळू चालावे, हे कोणासही मान्य होणार नाही. तक्रार नेली, तर यंत्र ठरल्याप्रमाणेच चालले, म्हणून हा दोष नव्हे, असे उत्तर हमी देणारा देऊ शकतो. शेवटी २०१२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नियमांत दुरुस्ती केली आणि रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांची शक्ती धूरनियंत्रक यंत्रणेमुळे ऐन वेळी कमी होऊ नये, अशी योजना करण्याची मुभा उत्पादकांना दिली. जे हमीपत्राने साधले नसते, ते येथे नियम बदलल्याने साधले.

मग ज्या संस्थेच्या हाती अशी गाडी आली आहे, तिने काय करावे? सर्वांत आधी त्या गाडीस पहिल्या क्रमांकाच्या कामावरून दूर करावे. नव्या गाडीस राखीव ठेवून जुनी पुढे करणे मनाला रुचत नाही. परंतु जुन्या गाडीचे दोष माहीत असतात, नवीचे नसतात. रुग्णाच्या दृष्टीने गाडीचे वय नव्हे, तर तिचा भरवसा महत्त्वाचा.

दुसरे काम नोंदीचे. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या अवस्थेत बंद पडली, कोणता दिवा लागला होता, ती किती दिवस कारखान्यात राहिली आणि काय बदलले, हे चालकाने त्याच दिवशी वहीत लिहावे. मैलांबरोबर इंजिनाचे तासही लिहावेत. एकाच जागी इंजिन एक तास चालणे म्हणजे सुमारे २५ मैल प्रवासाइतकी झीज, असे ढोबळ गणित मानले जाते. त्यामुळे मैल कमी दिसले तरी तेल बदलण्याची वेळ उलटून गेलेली असू शकते. तेल वेळेवर बदलले नाही, या कारणास्तव हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. कारखान्यातून गाडी परत घेताना प्रत्येक वेळी जॉबकार्डची प्रत मागून घ्यावी. काही दोष आढळला नाही, असा शेरा असला तरी ती प्रत जपून ठेवावी. तोच शेरा चार वेळा मिळाला, तर तो स्वतःच एक पुरावा ठरतो. धूरनियंत्रक भाग स्वतः काढून टाकण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने गाडी कदाचित चालू लागेल. पण अमेरिकेत तो कायद्याचा भंग होतो, आणि हमी नाकारण्यास कंपनीच्या हाती आयते कारण मिळते.

तिसरी गोष्ट कायद्याची. वारंवार बिघडणाऱ्या नव्या मोटारीस अमेरिकेत लिंबू म्हणतात. अशा मोटारीच्या खरेदीदाराचे रक्षण करणारा कायदा १९८२ साली कनेटिकट राज्याने प्रथम केला आणि पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु बऱ्याच राज्यांत हे कायदे घरगुती वापराच्या गाड्यांपुरते किंवा ठरावीक वजनाच्या आतील गाड्यांपुरते असतात. नगरपालिकेची रुग्णवाहिका त्यांच्या कक्षेबाहेर राहू शकते. तेव्हा तिला आधार उरतो तो खरेदीच्या कराराचा आणि व्यापारविषयक सामान्य कायद्याचा. वस्तूतील दोष तिचे मोल मोठ्या प्रमाणात कमी करणारा असेल, तर स्वीकारलेली वस्तूही परत करण्याचा हक्क हा कायदा देतो. मात्र हा हक्क वाजवी मुदतीत आणि विक्रेत्याला सूचना देऊन बजावावा लागतो. तोंडी तक्रारी करीत तीन वर्षे घालविणाऱ्यास तो क्वचितच उपयोगी पडतो.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज ६ हे धूरनियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी आली. येथेही नगरपालिका, धर्मादाय रुग्णालये आणि सार्वजनिक मंडळे रुग्णवाहिका विकत घेतात, आणि येथील रुग्णवाहिकाही गर्दीच्या गावांत जवळच्याच फेऱ्या करतात. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यानुसारही, माल नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेणाऱ्याने तो स्वीकारला असे समजले जाते. वेळेवर लिहिलेल्या पत्राचे मोल दोन्ही देशांत सारखेच आहे.

खरा उपाय मात्र गाडी घेण्यापूर्वीच योजावा लागतो. गाडी ठरावीक दिवसांहून अधिक काळ कारखान्यात राहिल्यास विक्रेत्याने बदली रुग्णवाहिका द्यावी. एकच दोष ठरावीक वेळा उद्भवल्यास गाडी परत घ्यावी. दुरुस्तीची सोय किती मैलांच्या आत आहे ते लिहून द्यावे, अशी कलमे करारात घालून घेता येतात. सही करण्यापूर्वी विक्रेता ऐकून घेतो. नंतर तो हमीपत्रातील अटी वाचून दाखवितो. ज्या संस्थेस हे कळले, तिच्या गाडीत बिघाड होणारच नाही असे नाही. परंतु तो बिघाड कारखान्यापुरता राहील, त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागणार नाही.