रुग्णवाहिकेतून परिचर्येकडे : सीमाभागातील उमेदवारांनी कोणता अभ्यासक्रम निवडावा?

सोलापूर-हैदराबाद महामार्ग उमरगा ओलांडून बिदर जिल्ह्यात शिरतो. या मार्गावर अपघात घडला की जखमींपाशी प्रथम पोहोचते ती १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. कर्नाटकात ही सेवा २००८ मध्ये 'आरोग्य कवच' या नावाने सुरू झाली. तीवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांची नोकरी कंत्राटी स्वरूपाची असल्याने काही वर्षांनी परिचर्येच्या स्थिर व्यवसायाकडे वळण्याचा विचार त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

अशा उमेदवारांनी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. रुग्णवाहिकेवरील अनुभवामुळे परिचर्येच्या अभ्यासक्रमाचे एकही वर्ष कमी होत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार आपत्कालीन तंत्रज्ञ हा संलग्न आरोग्य व्यवसायांत गणला जातो. परिचर्येची नोंदणी सर्वस्वी वेगळी आहे. अपघातस्थळी रक्तस्राव थांबविणाऱ्या हातांना पहिल्या वर्षी रुग्णाची शय्या नीट करण्याचा धडा गिरवावा लागतो, हे काहीसे विचित्र वाटेल. परंतु नियम तसा आहे.

निवड मुख्यतः बारावीच्या विषयांवर अवलंबून असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत एकत्रित ४५ टक्के गुण मिळाले असून इंग्रजीत उत्तीर्ण असल्यास चार वर्षांची बी.एस्सी. (नर्सिंग) पदवी थेट घ्यावी. कर्नाटकात ही पदवी बेंगळुरू येथील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. कला वा वाणिज्य शाखेच्या उमेदवारांसाठी तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका खुली आहे. बारावीस ४० टक्के गुण व १७ ते ३५ ही वयोमर्यादा असल्याने पस्तिशीकडे झुकलेल्यांनी विलंब करू नये. पुढे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी मिळविता येते. एकूण पाच वर्षे लागतात खरी. तथापि तीन वर्षांनंतर नोंदणी होऊन वेतन सुरू होऊ शकते. ज्यांच्यावर संसाराचा भार आहे त्यांना हाच मार्ग अधिक सोयीचा ठरेल, असे आमचे मत आहे. ए.एन.एम. अभ्यासक्रम केवळ स्त्रियांसाठी आहे.

बिदर व कलबुर्गी (जुन्या पिढीचे गुलबर्गा) येथील रहिवाशांना संविधानाच्या अनुच्छेद ३७१(जे) चा लाभ मिळतो. २०१३ च्या आदेशानुसार या विभागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखीव असून शासकीय सेवेतील गट 'क' च्या पदांत हे प्रमाण ८० टक्के आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून मिळते. प्रवेशाची घाई सुरू होण्यापूर्वीच ते काढून ठेवावे. महाराष्ट्रातही विवादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषी उमेदवारांना काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत सवलत आहे. परिचर्येच्या बाबतीत त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा.

शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडे तीन कागद मागावेत : राज्य परिचर्या परिषदेची मान्यता, विद्यापीठाची अथवा परीक्षा मंडळाची संलग्नता आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या सूचीतील नाव. शेवटचा कागद लातूर, सोलापूर वा परदेशी नोकरी शोधणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. कर्नाटकात नोंदणी झालेल्या परिचारिकेस वा परिचारकास महाराष्ट्रात काम करावयाचे असल्यास बेंगळुरूच्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत पुन्हा नोंदणी करावी लागते.