डिझेलचा फिल्टर घरी बदलताना

पहाटेची वेळ आहे, भेंडी-वांग्याच्या टोपल्या पिकअपमध्ये चढल्या आहेत, आणि सरावलीहून बोईसर स्टेशनकडे निघालेली गाडी अर्ध्या वाटेत हिसके खाऊ लागली, तर काय कराल? अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, आणि थोड्या वेळाने इंजिन बंद. पावसाळ्यात असे झाले की बहुतेकांचा हात बॅटरीकडे जातो. पण आधी पाहायचा तो डिझेलचा फिल्टर.

आपल्या भागात शेती आणि तारापूरच्या कारखान्यातली नोकरी एकाच घरात नांदतात. त्यामुळे पाना धरता येणारा एखादा माणूस बहुतेक घरांत असतोच. हे काम ताकदीचे नाही, स्वच्छतेचे आहे. घरातल्या मुलामुलींनाही शिकवून ठेवा.

फिल्टर कचरा अडवतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण खरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या दमट हवेचे पाणी होते. शिवाय पंपासाठी आणलेल्या डिझेलचा कॅन पडवीत उघडा राहतो, त्यात पावसाचे चार थेंब पडतात आणि तेच डिझेल गाडीत जाते. नोझलमधल्या सुईला हलायला मोकळी जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट, एवढीच असते. माणसाचा केससुद्धा याच्या वीसपट जाड. म्हणूनच नाशिकला पूर्वीच्या मायकोच्या, म्हणजे २००८ पासूनच्या बॉशच्या, कारखान्यात होणारे हे काम इतके नाजूक असते. तिथे पाणी पोचले की गंज, आणि मग फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च.

पुढे सांगतो ती रीत जुन्या जीप-पिकअपची, जिच्या फिल्टरच्या डोक्यावर छोटा हातपंप आणि हवा काढायचा स्क्रू असतो. इंजिन थंड होऊ द्या, हँडब्रेक लावा, बॅटरीची वजा बाजूची वायर काढा. जवळ चूल नको, विडी तर नकोच. फिल्टर उघडण्याआधी बाहेरची माती ब्रशने पुसून घ्या. हे बरेचजण टाळतात आणि तीच माती आत पडते. पुसायला धागे सुटणारी चिंधी घेऊ नका.

आता फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटे बाटली स्थिर ठेवा. डिझेल हलके, म्हणून पाणी खाली बसते. मधोमध रेघ दिसली की गाडी का रुसली होती ते कळले.

खाली पसरट भांडे ठेवून जुना फिल्टर उलटा फिरवून काढा. जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गळती ठरलेली. नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचे बोट लावा, फिल्टर हातानेच फिरवा, आणि रिंग टेकल्यावर खोक्यावर लिहिले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आणखी द्या. इथे पान्याने जोर करण्याचा मोह मलाही झाला होता. रिंग कापली आणि सारे काम पुन्हा करावे लागले.

फिल्टर आधी डिझेलने भरून लावावा असे कोणी सांगेल. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळताच पुढे पंपाकडे जाते, तेव्हा हातपंप असताना ते करू नका. हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू घट्ट करा आणि हातपंप कडक लागेपर्यंत मारा. वायर जोडून स्टार्टर द्या, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नको. इंजिन चालू झाले की गळती पाहा.

नव्या कॉमन-रेल गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो, ती धार कातडीतून आत शिरते. इंजिन चालू असताना त्या नळ्यांना हात लावू नका. पेट्रोलच्या अनेक गाड्यांत फिल्टर टाकीच्या आतच असतो आणि वाफ क्षणात पेट घेते. हे काम गॅरेजवाल्याकडेच द्यावे. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

काढलेले डिझेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, चुलीत तर मुळीच नको. झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजला द्या.

नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आठ दिवसांनी तळचा स्क्रू पुन्हा सैल करून बाटलीत पाहा. पुन्हा पाणी दिसले तर दोष फिल्टरचा नाही. टाकी उतरवून धुवावी लागेल, आणि पडवीतला तो कॅनही.