थांबणं हीसुद्धा शर्यतच

खेळाडूची गोष्ट सांगायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. अंगात ताप फणफणत होता, तरी तो धावला. पाय मुरगळला, तरी तिने सायकल सोडली नाही. मग सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि शाळेतल्या मुलांना ‘बघा, याला म्हणतात जिद्द!’ असं सांगितलं जातं. या गोष्टी खोट्या नसतात, पण बहुतेक वेळा त्या अर्ध्याच सांगितल्या जातात. चंद्रपुरात राहून गेली काही वर्षं ट्रायथलॉनचा नाद केल्यावर मला त्यांच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं मोल अधिक वाटू लागलं आहे.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, अंग ओलं असतानाच सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवली की लगेच धावत सुटायचं. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथे दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. याचा थोरला भाऊ म्हणजे ‘आयर्नमॅन’. त्यात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन! पहिली आयर्नमॅन स्पर्धा फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांवर झाली. १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी शेवट गाठला. दुसऱ्या आलेल्या स्पर्धकाच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजून पुढे काढलं, असं सांगतात. त्या बाराजणांच्या नावांवर पुढे सगळा इतिहास उभा राहिला. जे तिघे मध्येच थांबले, ते का थांबले, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही.

आमचा सराव, आमचं रान

आमच्या भागात हा खेळ करायचा म्हणजे निसर्गाची परवानगी घेऊनच करावा लागतो. चंद्रपूर-मूल-सावली-गडचिरोली हा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता सायकलसाठी फार सुंदर आहे. पण त्यातला बराचसा जंगलातून जातो, आणि पहाटेच्या अंधारात तिथे वाघाचा हक्क आपल्या आधीचा असतो. म्हणून उजाडल्याशिवाय निघायचं नाही. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर चढतो, म्हणून नऊनंतर रस्त्यावर राहायचं नाही. मधल्या तीन तासांत काय तो व्यायाम उरकायचा. पोहण्याचं म्हणाल तर चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात मालगुजारी तलावांची आणि बोड्यांची कमतरता नाही. इथल्या खेड्यांतली मुलं पोहायला शिकतात ती म्हशींच्या शेपट्या धरून. शहरातले आम्ही लोक मात्र टाकीत पैसे भरून हातपाय मारतो.

या परिसरात सरावापेक्षा मोठा प्रश्न आजारपणाचा असतो. महाराष्ट्रात मलेरियाचे रुग्ण जिथे सर्वांत जास्त सापडतात, त्यात गडचिरोलीचं नाव वर्षानुवर्षं आहे. एका पावसाळ्यात कामानिमित्त दक्षिण गडचिरोलीत आठवडाभर राहिलो आणि परतल्यावर हुडहुडी भरली. रक्त तपासलं, फाल्सिपॅरम निघाला. औषधाने ताप तीन दिवसांत उतरला. स्पर्धा अठरा दिवसांवर होती, शुल्क भरलेलं होतं, रेल्वेचं तिकीट हातात होतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “सर, ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. मलेरियात प्लीहा सुजते. सायकलवरून पडलात आणि पोटाला मार लागला, तर ती फुटू शकते. मेडल पुढच्या वर्षी मिळेल, प्लीहा मिळणार नाही.” मी तिकीट रद्द केलं. मित्रांनी समजूत काढली, काहींनी चेष्टाही केली. घरातल्यांना तेवढा आनंद माझ्या कुठल्याच पदकाने झाला नव्हता.

एकच बाई, दोन निर्णय

अशा वेळी मला इंग्लंडच्या क्रिसी वेलिंग्टनची आठवण होते. हवाईची जागतिक आयर्नमॅन स्पर्धा तिने चार वेळा जिंकली: २००७, २००८, २००९ आणि २०११. मधलं २०१० साल रिकामं आहे. त्या वर्षी शर्यतीच्या सकाळी तिने माघार घेतली. अंगात ताकद नव्हती, प्रकृती ठीक नव्हती. सलग तीनदा जिंकलेली बाई शर्यतीच्या सकाळी नाही म्हणते, तेव्हा कुजबुज होणारच, आणि ती झाली. पुढे तपासण्यांत न्यूमोनिया निघाला आणि वेस्ट नाइल विषाणूही निघाला. हा विषाणूसुद्धा डासच पसरवतो. आम्हा गडचिरोलीकडच्यांना ही हकीकत परकी वाटत नाही, ती एवढ्याचसाठी.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, स्पर्धेच्या दोन आठवडे आधी ती सायकलवरून जोरात पडली. पायाची सालटं निघाली, जखम चिघळली, प्रतिजैविकं घ्यावी लागली. या खेपेला मात्र ती उतरली आणि जिंकली. लोकांना २०११ची गोष्ट आठवते. मला वाटतं, २०१०ची गोष्ट कळल्याशिवाय २०११ची कळत नाही. जखम दिसते, तिची खोली मोजता येते, दुखणं कुठे थांबतं ते समजतं. रक्तात फिरणारा आजार हृदयापर्यंत, फुप्फुसापर्यंत कधी पोचला, ते शर्यत संपेपर्यंत कळतही नाही. दोन्ही वर्षी जिद्द तीच होती. फरक होता तो शरीराने दिलेल्या खबरीत, आणि ती खबर तिने दोन्ही वेळा खरी मानली.

आपल्याकडे तर ही खबर ऐकण्याचं आणखी एक कारण आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अनेक घरांत सिकलसेल आहे. ज्याच्या रक्तात या जनुकाची एकच प्रत असते, तो वाहक. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, खेळतो, धावतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, दम लागेपर्यंत धावलं, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ लागतात, स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि क्वचित जिवावर बेततं. शाळेच्या मैदानात असा मुलगा खाली बसला, तर त्याला ‘नाटकं करू नकोस, ऊठ’ म्हणणारा शिक्षक त्याचं भलं करत नसतो. सावली, पाणी, विश्रांती आणि वेळेवर दवाखाना, हाच त्याच्यावरचा उपाय. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. माझं म्हणणं एवढंच की, ज्या मुलांना आपण धावायला लावतो, त्यांची ही तपासणी आधी झालेली असावी.

उन्हाला तर रक्ताचं कारणही लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोत कोझुमेलला ब्रिटनचा जॉनी ब्राउनली पहिला धावत होता. शेवटचे काही शे मीटर उरले असताना उष्म्याने त्याचे पाय लटपटू लागले. मागून आलेल्या थोरल्या भावाने, ॲलिस्टरने, स्वतःची शर्यत सोडून त्याचा हात खांद्यावर घेतला आणि त्याला ओढत शेवटपर्यंत नेलं. जगाला बंधुप्रेम दिसलं. आमच्याकडे डोक्याला दुपट्टा गुंडाळून तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसाला त्यात ऊनही दिसेल.

साखळीचं एक कडं

शरीराचं हे झालं. यंत्राची गोष्ट वेगळी, आणि जरा हलकी. २००८ साली याच वेलिंग्टनच्या सायकलचं टायर भर शर्यतीत बसलं. हवा भरायला जवळ वायूच्या छोट्या नळ्या होत्या, त्या भरता भरताच वाया गेल्या. जगज्जेती रस्त्याच्या कडेला हात हलवत उभी. अखेर मागून आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रेबेका कीटने, म्हणजे तिच्याच प्रतिस्पर्धी बाईने, आपल्याकडची एक नळी तिला दिली. वेलिंग्टनने चाक भरलं, सगळ्यांना गाठलं आणि शर्यत जिंकली.

माझी साखळी एकदा सावलीच्या अलीकडे तुटली. अर्धा तास सायकल ढकलत नेल्यावर रस्त्याकाठी एक दुकान दिसलं. वर ताडपत्री, खाली पाण्याचं घमेलं, पाने आणि सोल्युशनच्या ट्यूबा. मिस्त्रींनी सायकलकडे बघून विचारलं, “केवढ्याची जी गाडी?” आकडा सांगायला मला संकोच वाटला. त्यांनी तुटलेलं कडं काढून टाकलं, साखळी जोडली आणि म्हणाले, “एक कडं कमी झालं जी. मोठ्या चाकावर टाकू नका. हळू गेले तर घरी पोचाल.” इतका नेमका सल्ला मला एखाद्या प्रशिक्षकानेही क्वचितच दिला असेल. जे तुटलं ते मान्य करायचं, उरलेल्यावर किती भार टाकायचा ते ठरवायचं, आणि घरी पोचायचं.

ज्यांची नावं आपण आदराने घेतो, त्यांनीही हेच केलेलं दिसतं. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांना लहानपणी दमा होता. त्यासाठीच पोहायला सुरुवात झाली, आणि पुढे त्यांनी वीसहून अधिक आयर्नमॅन पूर्ण केल्या. दम्याकडे डोळेझाक करून हे झालं नाही. त्याला सोबत घेऊन, वर्षानुवर्षं श्वास मोजत झालं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. त्यांनी खेळ बदलला, पाणी जवळ केलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. मुष्टियुद्ध सोडणं ही त्यांची हार होती, असं कोण म्हणेल?

आमच्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुलं, मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. ‘मिशन शौर्य’ या नावाने ही मोहीम गाजली. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्या तुकडीतल्या सगळ्यांना शिखर गाठता आलं नाही, आणि सगळे सुखरूप घरी आले, हे यश मला शिखराच्या तोडीचं वाटतं. पर्वतावर ज्याला परतता येत नाही, त्याला गिर्यारोहक म्हणत नाहीत.

ज्यांना थांबता येत नाही

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दरवर्षी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो आणि भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत आजारी माणसाला खाटेवर घालून चार जण चिखलातून, नाल्यातून चालत नेतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली रोज जंगलाच्या रस्त्याने शाळा गाठतात. पंक्चर झालं तर चालत. पोहणं, सायकल, पायपीट, सगळं यात आहे. यांच्यासाठी मात्र ना वेळ नोंदवणारी चिप असते, ना पाण्याचे थांबे, ना ‘आज बरं नाही, पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याची सोय. खाट खांद्यावर घेतलेल्या माणसाला माघार घेता येत नाही.

आम्हा हौशी स्पर्धकांना ती सोय आहे. हजारो रुपये शुल्क भरून आपण कष्ट विकत घेतो, आणि नको झाले तर परतही करू शकतो. ही केवढी चैन आहे, हे या जिल्ह्यांत राहणाऱ्याला तरी कळायला हवं. मग ताप अंगात असताना ‘मी हटणार नाही’ असं म्हणण्यात शौर्य कसलं? ज्यांना हटता येत नाही, त्यांचं शौर्य आपण उसनं घेतो, एवढंच.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरातलं कोणी पुढच्या महिन्यात धावणार असेल, सायकल चालवणार असेल, तर त्याला शुभेच्छा जरूर द्या. आदल्या रात्री कपाळाला हात लावूनही बघा. कपाळ गरम लागलं, तर “राहू दे रे यंदा,” एवढं म्हणणारं कोणीतरी घरात असावं. आणि त्याने ऐकलं, तर त्या दिवशीही त्याचं ताट तेवढ्याच कौतुकाने वाढावं.