हातचा आला की मनोरा कोसळतो

श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनला वर्षानुवर्षं ‘बेलापूर’ म्हणत आलेत. खरं बेलापूर तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. बाहेरगावचा मित्र येणार असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. पण आजचा विषय वेगळ्या स्टेशनचा आहे, आणि एका सतरा अंकी संख्येचा.

पुढच्या वेळी गाडी लेट असेल तेव्हा रील्स बाजूला ठेवा आणि वहीचं मागचं पान काढा. नऊ वेळा १ लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जाऊ नका, बरेचसे उत्तर मध्येच तोडून ‘ई १६’ वगैरे दाखवतात. शाळेत करायचो तसंच करा, एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. उत्तर येतं:

१२३४५६७८९८७६५४३२१

चढून उतरणारा जिनाच! यात जादू नाही. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १ आहे, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि पुढे पुन्हा कमी होत जातात.

अशा संख्यांमागे वेडे झालेले गृहस्थ म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. या संख्यांची कल्पना त्यांना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. म्हणून नाव पडलं डेमलो संख्या. (आपण स्टेशनवर उभे राहून काय करतो, ते सोडा.)

आता हा जिना मधून मोडा. मधला ९ बाजूला ठेवा आणि डावीकडचे आठ अंक उजवीकडच्या आठ अंकांत मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१. उत्तर ९९९९९९९९. मध्ये ९, आणि दोन्ही टोकांची बेरीजही सगळी ९!

अजून एक. सगळ्या अंकांची बेरीज करा, ८१ येते. ८१ ने या अख्ख्या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ नाव दिलं, आनंद देणारी. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. पूर्ण फोड केली तर मूळ संख्या तीनच हाती लागतात: ३, ३७ आणि ३३३६६७. त्यांतून एकूण ४५ विभाजक तयार होतात.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, मलाही पडला होता. ऑनलाइन व्यवहारांची कुलपं बऱ्याचदा अशाच मोठ्या, फोडायला अवघड संख्यांवर बसवलेली असतात. २०४८ बिटांची किल्ली म्हणजे ६१७ अंकी संख्या, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. आपला जिना मात्र कुलपासाठी कुचकामी, कारण तो आपली रचना स्वतःच सांगून टाकतो. कापरेकरांना अर्थात याचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या कामाला क्षुल्लक समजणारे होतेच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

आता माझी फजिती. नऊला जमतं म्हणजे दहालाही जमणार, असं मी कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलं. एक मैत्रीण काही न बोलता पेन घेऊन बसली. दहा एकांचा वर्ग निघाला १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा एक जमले, हातचा एक आला आणि ८ गायबच झाला. ‘आता अकरा कर,’ म्हणत तिनं वही माझ्याकडे सरकवली.