दुचाकीला अश्व किती हवेत?

दुचाकी घ्यावयास दुकानात गेलेल्या गृहस्थाने पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हा विचारावा, ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्या शेजारी ‘पॉवर किती?’ हा दुसरा प्रश्न असा ठाण मांडून बसला आहे की, पत्रकावर छापलेला अश्वशक्तीचा आकडा म्हणजे जणू यंत्राच्या योग्यतेचा सरकारी दाखलाच, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. आठांपेक्षा बारा बऱ्या, बारांपेक्षा वीस बऱ्या, आणि चाळीस मिळाल्या तर मग विचारावयासच नको, असा हा चढता क्रम आहे. घरापासून कचेरीपर्यंत, शेतापासून बाजारापर्यंत आणि सणासुदीला शहरापासून गावापर्यंत जो प्रवास आपली माणसे दररोज करतात, त्यात प्रत्यक्ष किती अश्वशक्ती खर्ची पडते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती करण्यास मोठे शास्त्रज्ञान लागते असेही नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉट याने आपल्या वाफेच्या यंत्रांची किंमत गिऱ्हाइकाला पटावी म्हणून घोड्याच्या कामाशी त्यांची तुलना केली, आणि तेव्हापासून अश्वशक्ती हे माप जगभर चालू राहिले. आज प्रचलित असलेल्या मेट्रिक मापाप्रमाणे पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ती लागते ती एक अश्वशक्ती. वॅटच्या भाषेत सुमारे ७३५. सायकल चालविणारा धडधाकट मनुष्य न थकता बराच वेळ टिकेल अशी जी शक्ती देतो, ती या मापाच्या एक-दशांशाच्या आसपास असते. म्हणजे आठ अश्वशक्तीची साधी मोटारसायकल ही सुमारे ऐंशी सायकलस्वारांचे बळ बाळगून असते, ही गोष्ट पुढील विवेचन वाचताना ध्यानी ठेवावी.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या दुचाकीला दोघांशीच झगडावे लागते: एक टायरांचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि दुसरा समोरून येणारा वारा. घर्षणाचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही. वाऱ्याची गोष्ट निराळी आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने कापावयाचा असल्यामुळे त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. या नियमानुसार शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर ताठ बसलेल्या एकट्या स्वाराचा हिशेब मांडला, तर ताशी ५० किलोमीटर वेग राखण्यास, साखळी व गिअरांतील गळती धरूनही, सुमारे दोन अश्वशक्ती पुरतात. ताशी ८० ला सहा-साडेसहा लागतात, १०० ला अकराच्या आसपास, १२० ला अठरा, आणि १६० पर्यंत मजल मारावयाची तर चाळिशी ओलांडावी लागते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून किंवा दादरच्या पुलाखालून जाणाऱ्या दुचाकीचा वेग ताशी तीसही नसतो. तेथे एक अश्वशक्ती कामाला जुंपलेली असते आणि उरलेल्या सर्व इंजिनात स्वस्थ उभ्या असतात.

कायद्याचा दाखलाही याच बाजूचा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या अधिसूचनेने चौपदरी व त्याहून मोठ्या रस्त्यांवर दुचाकीला ताशी ८० आणि नगरपालिकांच्या हद्दीत ताशी ६० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला मुळी मज्जावच आहे. याचा अर्थ असा की, कायदा पाळणाऱ्या एकट्या स्वाराला सपाटीवर सहा-सात अश्वशक्तींच्या पलीकडे जाण्याचा प्रसंग येत नाही. ही गोष्ट भारतीय ग्राहकाने फार पूर्वीच, गणित न मांडता, ओळखली होती. १९८३ साली राजदूत ३५० ही तीस अश्वशक्तींच्या आसपासची, जपानी वळणाची गाडी आपल्या बाजारात आली, आणि दोनच वर्षांनी हीरो होंडाची सीडी १०० ही जेमतेम सात-साडेसात अश्वशक्तींची चार-स्ट्रोक गाडी आली. पहिलीचे भक्त आजही तिच्या आठवणीने हळवे होतात. परंतु किमतीने व पेट्रोलच्या भुकेने ती दशक संपता संपता बाजारातून निघून गेली, आणि दुसरीच्या वंशातील स्प्लेंडर गावोगावच्या पारांवर आजही उभी दिसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग आठांच्या वर एकही अश्वशक्ती घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टीच. तसे नाही. रस्ता सर्वत्र सपाट नसतो, स्वार नेहमी एकटा नसतो आणि वाट नेहमी मोकळी नसते.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे निघालेले, शंभर सीसीच्या गाडीवरचे जोडपे डोळ्यांपुढे आणावे. पायथ्याची वस्ती मागे पडेपर्यंत गाडी चौथ्या गिअरमध्ये खुशाल चालते. पहिल्या तीव्र वळणावर इंजिनाचा आवाज जड होतो, हँडलला हलका कंप जाणवतो, आणि स्वार टाचेने गिअर तिसऱ्यावर आणतो. पुढच्या वळणाच्या तोंडाशी समोरून एस.टी. येते, गाडी कडेला घेऊन वेग मोडावा लागतो, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कर्कश ओरडत पुन्हा चढू लागते. मागे बसलेली पत्नी नकळत पुढे झुकते, जणू तिच्या झुकण्याने ओझे थोडे हलके होणार आहे. गाडी व दोन माणसे मिळून अडीचशे किलो आणि बारा मीटरांना एक मीटर असा चढ धरला, तर ताशी ४० ने चढण्यास पाच अश्वशक्ती लागतात आणि ताशी ६० ने चढण्यास नऊच्या जवळपास. त्यातच उंचीवर हवा विरळ होते, आणि साधारणपणे दर शंभर मीटरांमागे इंजिनाची शक्ती शेकडा एकाने घटते. म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी पोहोचेपर्यंत आठांच्या सातच उरतात. जोडपे सुखरूप पोहोचते यात संशय नाही, परंतु इंजिनाच्या अंगातली शेवटची रग वापरून पोहोचते. हीच गाडी साडेतीन हजार मीटर उंचीच्या लेहला नेली, तर तिच्या आठांच्या पाच-साडेपाच राहतात.

दुसरा प्रसंग पुढच्या वाहनाला ओलांडण्याचा. दुपदरी रस्त्यावर ताशी ४० ने चाललेल्या ट्रकमागे अडकलेल्या, मागे माणूस बसविलेल्या दुचाकीने ताशी ७० पर्यंत वेग वाढवून पुढे जावयाचे ठरविले, तर त्या वेगवाढीला आठ अश्वशक्तीच्या गाडीस दहा-अकरा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती दीडशे मीटरांहून अधिक अंतर कापते. पंधरा अश्वशक्तीची गाडी तेच काम पाचएक सेकंदांत आणि सत्तर-पंचाहत्तर मीटरांत उरकते. समोरून वाहन येत असताना विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात काढलेली ही पाच-सहा सेकंदे कमी होणे, ही केवळ हौसेची बाब नव्हे. संसारात गंगाजळी बाळगावी ती रोजच्या खर्चासाठी नव्हे, अडीअडचणीसाठी. दुचाकीच्या शक्तीचेही तसेच आहे. किती खर्च होते यापेक्षा ऐन वेळी किती शिल्लक राहते, हे पाहणे शहाणपणाचे.

मात्र ही शिल्लक पत्रकावरील आकड्यावरून मोजू गेल्यास फसगत होते, कारण तो आकडा शिखराचा असतो. स्प्लेंडरच्या आठ अश्वशक्ती इंजिन मिनिटाला आठ हजार फेरे घेत असतानाच्या. रोजच्या चालीत इंजिन चार हजारांच्या आसपास फिरते, आणि तेथे जेमतेम निम्मी शक्ती हाती असते. चाकण येथे पूर्वी तयार होत असलेल्या ३७३ सीसीच्या केटीएम ३९० ड्यूकची ४३ अश्वशक्ती नऊ हजार फेऱ्यांवर प्रकटते. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जाणाऱ्याला तिचे दर्शन क्वचितच घडते. याउलट बुलेटच्या कुळातील क्लासिक ३५० ची शक्ती विसांच्या आसपासच, परंतु तिचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळा, चार हजार फेऱ्यांवरच मिळतो, आणि तेवढ्यावरच सुमारे पंधरा अश्वशक्ती स्वाराच्या मनगटाखाली येतात. चढावर गिअर न बदलता, आवाज न चढविता ती धिमेपणाने जात राहते ती यामुळे. म्हणून जाणत्या मेकॅनिकला विचारावे, तर तो आकडा सांगण्याऐवजी ‘खालचा पिकअप बघा’ असे म्हणतो. त्याच्या त्या तीन शब्दांत पत्रकातील बरेचसे अर्थशास्त्र येऊन जाते.

जादा शक्तीचा कर निराळ्या खात्यांत भरावा लागतो. क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो, स्प्लेंडरचे ११२. ही ऐंशीहून अधिक किलोंची भर प्रत्येक चढावर, प्रत्येक थांब्यावर आणि गाडी पार्किंगमधून मागे ओढताना स्वाराच्याच माथी येते. मोठे इंजिन अर्धवट उघडलेल्या थ्रॉटलवर चालविले की हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती वाया जाते. त्यामुळे एक लिटरवर साठ-पासष्ट किलोमीटर देणाऱ्या छोट्या गाडीच्या जागी पस्तिसाच्या आसपास देणारी गाडी आली, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पेट्रोल सोळा लिटरांवरून अठ्ठावीस-एकोणतीस लिटरांवर जाते. शक्ती वाढली की टायर रुंद, ब्रेक मोठे आणि विम्याचा हप्ताही चढता. युरोपात तर शक्तीची सांगड थेट परवान्याशी घातलेली आहे: पहिल्या पायरीवर ११ किलोवॅट, म्हणजे पंधरा अश्वशक्ती, दुसऱ्या पायरीवर ३५ किलोवॅट, म्हणजे सत्तेचाळीस, आणि त्यापुढची मुभा अनुभवानंतर. आपल्याकडचा परवाना गिअर आहे की नाही एवढेच विचारतो. अठराव्या वर्षी परवाना हाती पडलेल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी त्रेचाळीस अश्वशक्तींवर स्वार व्हावे, यास कायद्याची हरकत नाही. सव्वाशे सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक सक्तीचे झाले ही तरतूद चांगलीच. परंतु ब्रेक वेळेवर दाबण्याची अक्कल अधिसूचनेने येत नाही.

तात्पर्य, शहरात एकट्याने फिरणाऱ्यास सात-आठ अश्वशक्ती पुरून उरतात. सहकुटुंब प्रवास, घाट आणि दुपदरी महामार्ग ज्याच्या नित्याच्या वाटेवर आहेत, त्याने बारा ते पंधरा घ्याव्या. बजाज ऑटोने २००१ साली पल्सर १५० व १८० याच दोन आकड्यांच्या आसपास बाजारात आणल्या आणि मध्यमवर्गाने त्या उचलून धरल्या, त्यात नुसती हौस नव्हती. लांबच्या सफरी, सामानाने भरलेल्या पिशव्या आणि हिमालयाची ओढ असेल, तर वीस ते पंचवीस यथायोग्य. त्यापलीकडे जे आहे ते आनंदासाठी आहे. आनंद ही काही निंद्य वस्तू नव्हे, आणि ज्याला तो परवडतो त्याने तो अवश्य घ्यावा. फक्त त्याची नोंद गरजेच्या रकान्यात करू नये. आणि खरेदीपूर्वी चाचणीसाठी गाडी मागावयाची असेल, तर दुकानासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने सुसाट जाऊन येण्याऐवजी मागे घरचे माणूस बसवावे, जवळचा एखादा चढ गाठावा, आणि तिसऱ्या गिअरमध्ये, निम्म्या थ्रॉटलवर ती काय म्हणते ते ऐकावे.