पंचांगात लिहिलेलं संकट

मडगावला होली स्पिरिट चर्चचं फेस्त पावसाळ्याच्या तोंडावर येतं. गोंयकार त्याला पुरुमेंताचं, म्हणजे बेगमीचं, फेस्त म्हणतात. प्रार्थना होते, पण खरी गर्दी असते ती बाहेरच्या फेरीत: सुके बांगडे, सुकी सुंगटं, मिरच्या, कांद्याच्या माळा, सोलां, चिंच, मातीची भांडी. तिकडे रायगडात, मुंबईच्या कोळीवाड्यांत हीच लगबग आगोटची म्हणून चालते. कारण उघड आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बंदीचा कायदा नव्हता तेव्हाही खवळलेला समुद्र कुणाला आत घेत नव्हताच. खाडीवरची तर बंद, पायवाटा चिखलात, आठवड्याचा बाजार भरेल याचा नेम नाही. चार महिन्यांचं अन्न घरात असल्याशिवाय मृगाला सामोरं जाणं म्हणजे वेडेपणाच.

युरोपातली सरकारं आता नागरिकांना घरात अन्न साठवायला सांगत आहेत. स्वीडनने २०१८ मध्ये घरोघरी पुस्तिका धाडली, २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा धाडली; संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं, हे तिच्यात आहे. आपल्याकडे असं पत्रक कुणी वाटलं नाही, कारण इथल्या संकटाची तारीख पंचांगातच असायची. त्यामुळे आपल्या बेगमीत घबराट नाही. ते हंगामाचं काम होतं, आणि त्यामागे बारीक शास्त्र होतं.

बोंबीलच घ्या. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो तासाभरात लिबलिबीत होतो. अर्नाळा, उत्तन, वर्सोवा इथे किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी उभ्या दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. मीठ लागत नाही. ऊन आणि खारा वारा पुरतो. पाणी गेलं की कुजवणाऱ्या जंतूंना जगता येत नाही, एवढंच ते तंत्र. वेळ मात्र साधावी लागते. अवकाळीची एक जोरदार सर आली तर वलांडीवरचा सगळा माल हातचा जातो, आणि अलीकडे अशा सरी वारंवार येऊ लागल्या आहेत.

घाटावर गोष्ट वेगळी. तिथे भीती पावसाची नव्हे, पाऊस न येण्याची. सोलापूर-मराठवाड्याच्या पट्ट्यात ज्वारी जमिनीखाली पेवात ठेवत. घट्ट, कोरड्या जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट रुंद. आत कडब्याचं अस्तर. ज्वारी ओतली की वर पुन्हा कडबा आणि माती. पुढचं काम ज्वारीच करते. दाणे आणि त्यांतले किडे श्वास घेतात, कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. औषधाचा कण न घालता धान्य वर्षानुवर्षं टिकतं. कडेची ज्वारी काळपट, कुबट निघते, भाकरीलाही थोडा वास येतो. पण दुष्काळी साली त्याची तक्रार कोण करणार? हीच कोंडलेली हवा माणसालाही मारते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. ते बराच वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. तो विझला तर अजून थांबायचं. घाई केलेल्यांचे जीव गेले आहेत. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशाच पेवांत ठेवत. २००५ च्या महापुरात त्यांतली कितीतरी पेवं कामातून गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर ती साठवण ओसरत चालली होती.

फ्लॅटमध्ये पेव खणता येत नाही, पण नियम तेच राहतात: कोरडं आणि हवाबंद. गव्हाचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. उन्हातून काढलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरू नये. आत घाम धरतो आणि बुरशी येते. मटकी-मुगाला भुंगा लागला की आपण डब्याला दोष देतो. वास्तविक भुंग्याची अंडी अनेकदा शेतातच, शेंगेवर पडलेली असतात, म्हणजे डबा घट्ट लावून आपण त्याला आत कोंडूनच घेतो. जुन्या बायका कडधान्याला राख नाहीतर एरंडेल चोळत, ते यासाठीच. तेलाने अंडी गुदमरतात. थोडंथोडकं कडधान्य असेल तर चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तरी भागतं. गोदामात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात आणूच नका. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांना उठू देत नाही.

साठवायचं ते धान्य, पीठ नव्हे. बाजरीचं पीठ तर आठवड्याभरातच कडवट लागू लागतं, कारण दळताना त्यातलं तेल मोकळं होतं. हातसडीचा तांदूळही त्याच कारणाने पॉलिशच्या तांदळाआधी खवट होतो. चौघांच्या घरात रोज अर्धा किलो कणीक लागत असेल तर महिन्याला १५ किलो गहू, वर्षाला १८० किलो. एवढी जागा आज कुणाकडे असते? नसेना. नेहमीच्या किराण्याखेरीज महिनाभराचं जादा असलं तरी पुष्कळ झालं. अट एकच: घरात खाल्लं जातं तेच भरावं आणि जुनं आधी संपवावं. संकटासाठी म्हणून आणलेले, कुणालाच न आवडणारे सूपचे डबे माळ्यावर तारीख उलटेपर्यंत पडून राहतात.

पुराचा हिशोब आणखी निराळा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा तळमजल्यावरच्या भरलेल्या कोठ्याच आधी गेल्या. पुराच्या पाण्यात भिजलेलं धान्य वाळवून खाऊ नये. बुरशीचं विष उन्हाने जात नाही, आणि त्या पाण्यात गटारही असतं. नदीकाठच्या घरात साठा उंचावर हवा, आणि त्यात चुलीशिवाय खाता येईल असं काही हवं: चुरमुरे, फुटाणे, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे. शिवाय झाकणाच्या कॅनमध्ये पिण्याचं पाणी. पूर आला की आधी नळ बंद होतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री किराणा दुकानांसमोर जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संकट दारात आल्यावर एकाने दहा पाकिटं उचलली की मागच्या नऊ जणांना रिकामं फळकूट दिसतं. याला बेगमी म्हणायला मी तयार नाही. एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात ढिगाने असतो तेव्हा तो घेतला तर कुणाचं काही हिरावलं जात नाही. उलट पडत्या भावाच्या दिवसांत शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं.

पण हातावर पोट असलेल्याच्या घरात कणगी कधीच भरलेली नसते. १९७२ च्या दुष्काळात अशा घरांना तारलं ते खडी फोडण्याच्या सरकारी कामांनी, सुकडीने आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीने. मिलोच्या भाकरीला नावं ठेवणारी माणसं अजून भेटतात. पण तीच भाकरी खाऊन ही माणसं जगली. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या मंगळवेढ्यात बहामनी अमलात दामाजीपंतांनी सरकारी धान्य भुकेल्यांना वाटलं, ही कथा कीर्तनातून आपण शतकानुशतकं ऐकत आलो, ती काही उगाच नाही. आज तेच काम रेशन दुकानाने करायचं असतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं रेशनकार्ड चालू आहे का, आधार जोडणीत नाव अडकलंय का, एकदा विचारा. अडलं असेल तर फॉर्म भरून द्यायला बसा.